पत्रीच्या ताटातला देवदार

अनू, कागद मिळाला.

छापखान्याचे मालक स्वतः सांगायला घरी आले होते. ओसरीवर टेकले, उपरण्याने घाम पुसला आणि आत डोकावून म्हणाले, ‘‘बाई कुठं आहेत? पयले त्यांना सांगायचं होतं. कागदापायी माझ्या उंबऱ्याशी कितीदा येऊन गेल्या त्या.’’ त्यांच्या कानावर काही गेलेच नव्हते. आषाढात तू गेलीस. तेव्हापासून हे वाक्य मी अनेकांना सांगितले आहे, आणि सांगता सांगता ते थोडे गुळगुळीतही झाले होते. पण तुझ्यासाठी आणलेला आनंद ज्याच्या चेहऱ्यावर अजून तसाच आहे, अशा माणसाला ते सांगण्याची वेळ माझ्यावर प्रथमच आली. ते उठून उभे राहिले, पुन्हा बसले. मग म्हणाले, ‘‘भाऊसाहेब, दसऱ्यापर्यंत मजकूर हाती द्या. त्यानंतर हा कागद माझ्याच्यानं धरून ठेववणार नाही. लढाई संपली, पण कागदाचे हाल काही संपले नाहीत.’’

म्हणजे आपले पुस्तक आता निघू शकते. मराठी वाचता येणाऱ्या कोणाही मुलीने हाती घ्यावे, बांधावर, तळ्याकाठी, विहिरीच्या भिंतीवर उगवलेले हिरवे काही दिसले तर ते वनस्पतींच्या कोणत्या मोठ्या कुळातले आहे हे तिला ओळखता यावे, आणि पृथ्वीवर आधी कोण आले नि मागून कोण, हेही कळावे, एवढी त्याची साधी प्रतिज्ञा. तुझी चित्रे तयार आहेत. माझी प्रकरणे तयार आहेत. अडले होते ते एकाच ठिकाणी, आणि ते ठिकाण तुला ठाऊक आहे. पहिले प्रकरण कोणाचे?

मी आजच जाऊन सगळा मजकूर माझ्या क्रमाने देऊ शकतो. आधी पाण्यातले शेवाळ, मग भिंतीवरची मखमली हरिता, मग नेचे, मग उघड्या बियांचे वृक्ष, आणि अखेरीस फुलझाडे. निसर्ग ज्या वाटेने आला त्याच वाटेने पुस्तक जाईल. तुझे प्रकरण लिहिलेले नाही, त्यामुळे ते गाळल्याचे कोणाच्या लक्षातही येणार नाही. आता मला अडवणारे कोणी उरले नाही, अनू. नेमके हेच मला सोसवत नाही.

तुझ्या शाळेने शोकसभा भरवली. तुझ्या सेवेविषयी, तुझ्या साध्या राहणीविषयी, लहान वयात आलेल्या वैधव्याला तू कसे सामोरी गेलीस त्याविषयी लोक बोलले. ते सगळे खरे होते आणि त्यात तू कुठेच नव्हतीस. मला बोलण्याचा आग्रह झाला तेव्हा मी हात जोडले. माझ्यापाशी होते ते सभेत सांगण्यासारखे नव्हते. गुडघाभर चिखलात उभी राहून माझ्यावर ओरडणारी तू त्या सभेत कोणाला दाखवायची?

अंबाझरी तळ्याच्या काठची ती सकाळ. तू नुकतीच शिक्षिका झाली होतीस आणि आपण दोघे रविवारी वनस्पती गोळा करायला जात असू. पाणी जिथे गाळाला टेकते तिथे तुला एक नाजूक वनस्पती दिसली; एका देठावर चार पानांची फुली. तू ती उपटलीस, उन्हात धरलीस, आणि तुझ्या कपाळावर आठी आली. ‘‘आंबुटीले तीन पानं असतात,’’ तू स्वतःशीच म्हणालीस, ‘‘ह्याले चार काहून?’’ तू पान चावून पाहिलेस. आंबट लागले नाही. तू पुन्हा वाकलीस. आणि मी, काठावर कोरडा उभा असलेला मी, सांगून मोकळा झालो, ‘‘ती आंबुटी नव्हेच. तो नेचा आहे. कोवळे पान बघ, गोगलगायीसारखे गुंडाळलेले असेल. त्याला फूल कधीच यायचे नाही.’’

तू ती वनस्पती माझ्या अंगावर फेकलीस. चिखलासकट.

‘‘काय गा दादा! सांगून काहून टाकलं तू? दोन घडी फसली असती मी, तर काय आभाळ कोसळलं असतं? मी पाहून राहिली होती ना!’’

मी म्हणालो, ‘‘अगं, तू चुकत होतीस.’’

‘‘मंग चुकू दे ना! तुले दुसऱ्याचं चुकलेलं दोन घडी पाहवत नाही. कसा गा मास्तर तू?’’

घरी येईपर्यंत तू हसतही होतीस. तुझ्या वहिनीपाशी माझी नक्कल करत होतीस, काठावर उभ्या बगळ्यासारखी मान करून. मीही हसलो. मी ते एका बहिणीचे लाडिक भांडण समजलो. त्यात शिकवण्याची एक संपूर्ण पद्धत आहे, आणि ती तू मला जमेल तितक्या स्पष्टपणे सांगते आहेस, हे माझ्या ध्यानात आले नाही. गुंडाळलेले कोवळे पान तुला अजून दोन क्षणांनी तुझे तुलाच दिसले असते. तो क्षण मी तुझ्या हातून काढून घेतला, आणि बदल्यात तुला एक बरोबर उत्तर दिले.

तुझ्या मुली दरवर्षी आपल्या घरी यायच्या त्याविषयी लिहिले पाहिजे. गणेशचतुर्थीला देवाला एकवीस झाडांची पाने वाहतात. नागपूरच्या महाल भागातली पत्रीवाली त्यांची जुडी बांधून विकते. तू तिच्याकडून दोन जुड्या आणायचीस. एक देवाची, एक शाळेची. पूजेच्या दुसऱ्या दिवशी शाळेच्या मुली ओसरीत गोलाकार बसायच्या, मध्ये पितळी ताट, ताटात ती दुसरी जुडी सोडलेली. पाने निवडायची. दूर्वा आणि केवडा यांच्या शिरा सरळ धावतात, म्हणून ती एका बाजूला. बेल, आघाडा, धोतरा, बोर, रुई यांच्या शिरांचे जाळे, म्हणून ती दुसऱ्या बाजूला. म्हाताऱ्या बायकांना तोंडपाठ असलेली पूजा, आणि तिच्यातच एकदल आणि द्विदल. मला ती कल्पना आवडली होती. तसे मी तुला सांगितले होते का? आठवत नाही, म्हणजे बहुधा नसेल.

आणि त्या ताटात एक देवदार असे. एकवीस पत्रींतला तो एकटाच असा, की ज्याच्या कुळाला फूल येत नाही, ज्याचे बी फळाच्या पोटात न राहता खवल्यावर उघडे बसते. फुलझाडे पृथ्वीवर येण्याच्या फार आधीचे ते कूळ. तू मुलींना मोठ्या कौतुकाने सांगायचीस, की हे बघा, या ताटातले आजोबा.

एके वर्षी मी कॉलेजातून परतत होतो. ओसरीवरून आत जाताना माझी नजर ताटावर पडली आणि पाय थांबले. हिमालयातला देवदार नागपुरात कुठून यायचा? आपल्याला देवदार ठाऊक तो खोक्यांच्या फळ्यांपुरता. पत्रीवालीने कुठल्याशा बंगल्याच्या आवारातली विलायती सरूची डहाळी तोडून जुडीत घातली होती. दिसायला सुईसारखी हिरवीगार; फळही सूचिपर्णी वृक्षाच्या शंकूसारखे लाकडी. पण ते फुलझाड आहे. त्याचे फूल इतके बारीक की दिसत नाही, आणि बी झाकलेले असते. मी दारातूनच हळू आवाजात म्हणालो, ‘‘अनू, तो देवदार नाही. विलायती सरू आहे.’’

मुली माझ्याकडे पाहू लागल्या, मग तुझ्याकडे. तू डहाळी हातात घेतलीस. तुझे कान लाल झालेले मला दिसले. मग तू ताट पुढे सरकवलेस आणि हसून म्हणालीस, ‘‘घ्या पोरींनो! बाई नापास. वर्षानुवर्षं तुम्हाले चोराले आजोबा म्हणायले लावलं मी.’’ मुली खिदळल्या. मी आत गेलो. वहिनीने पाण्याचा तांब्या दिला, पण माझ्याकडे पाहिले नाही.

त्या दिवसापासून मी तुझ्या त्या बैठकीच्या वेळी घरी थांबलो नाही. तुला संकोच वाटू नये म्हणून थांबत नाही, असे मी स्वतःला सांगितले. खरे तर संकोच मला होता. तू मात्र बैठक बंद केली नाहीस. जुडी त्याच पत्रीवालीकडून आणत राहिलीस, त्याच खोट्या देवदारासह. वहिनी म्हणायची, ‘‘आज पोरींचं हसणं थेट गल्लीच्या तोंडापर्यंत गेलं.’’ मी विचारत नसे.

आणि मग पुस्तकाचा वाद. तू म्हणालीस, पहिले प्रकरण त्या ताटाचे. मुलीच्या हाताला जे आधीच ठाऊक आहे तिथून. ती देवदार म्हणून सरूची डहाळी उचलेल, आणि फसेल, आणि मग तिचे डोळे उघडतील. मी म्हणालो, पाठ्यपुस्तक वाचकाला फसवीत नाही. शिवाय तुझा क्रम फुलझाडांपासून मागे जाणार. मागे जायला ताटात एकच पूल होता, तो देवदार. आणि तो पूलच खोटा निघाला. मग तू पलीकडे नेच्यांपर्यंत, शेवाळापर्यंत जाणार कशी? या प्रश्नाने वाद मिटला असे मला प्रत्येक वेळी वाटे. प्रत्येक वेळी तो दुसऱ्या दिवशी उठून बसे.

आपण उमरेडच्या विणकराची लेकरे. वादातही मागाचे शब्द येणारच. ‘‘आधी उभा ताणा लावावा लागतो, अनू,’’ मी म्हणे. ‘‘ताण्याशिवाय आडवा बाणा कशात टाकशील? शेवाळ हा ताणा आहे.’’

‘‘तो विणणाऱ्यासाठी गा. आपण काय विणणाऱ्यासाठी पुस्तक लिहून राहिलो का? लुगडं घेणारी बाई पयले पदर पाहते. ताणा पाहाले कोणी पेठेत येते का?’’

बाबा असते तर त्यांनी तुझी बाजू घेतली असती. त्यांनी आयुष्यभर पदर विकले होते.

शब्दांवरूनही आपले जुळत नसे. मी ‘अनावृतबीज’ लिहिले की तू समास सोडवून ‘उघड्या बियांची झाडे’ करायचीस, आणि समासात जे घट्ट बसलेले असते ते सुटे झाल्याचे मला दुःख होई. आता माझ्या लक्षात येते, की त्यांतील बहुतेक ठिकाणी अखेर तुझाच शब्द राहिला आहे. मी कधी मान्य केले नव्हते. नुसते खोडून तुझा शब्द लिहिला होता.

उन्हाळ्याच्या अखेरीस आपला शेवटचा वाद झाला. गच्चीवर, संध्याकाळी, तू वाळत घातलेल्या भिवापुरी मिरच्या गोळा करत होतीस आणि शिंका आवरत बोलत होतीस. मी तोच प्रश्न टाकला. पूल खोटा, मग पलीकडे जाणार कशी? तू हातातली मिरची ठेवलीस. म्हणालीस, ‘‘दादा, त्याचंच तर सांगून राहिली. माझं पुढचं ऐकून तर घे. ताट झालं की मी काय करते...’’ आणि मी म्हणालो, ‘‘पुढचे पुढे पाहू. आधी कागद तर मिळू दे.’’

 तू मिरच्या भरून खाली गेलीस. त्या रात्री जेवताना आपण अगदी चांगले बोललो, इतर सगळ्या गोष्टींविषयी.

त्यानंतर ताप आला. विषमज्वराच्या त्या दिवसांविषयी मी लिहिणार नाही. ते दिवस तुझे नव्हते, तापाचे होते. एका दुपारी तुला शुद्ध होती. तू मला ओळखलेस आणि विचारलेस, ‘‘कागद?’’ मी म्हणालो, ‘‘मिळेल. तू बरी हो, मग तुझे ते पुढचे ऐकतो.’’ तू डोळे मिटलेस. तुझ्या चेहऱ्यावर जे आले ते हसू होते की ग्लानी, याचा निर्णय मी अजून केलेला नाही. दोहोंपैकी काहीही असले तरी ते ऐकणे माझ्या वाट्याला आले नाही.

श्रावण संपला. पोळा झाला. दुसऱ्या दिवशी शहरातून मारबतीची मोठी बाहुली मिरवत निघाली. सगळ्या वस्तीची रोगराई घेऊन जाण्यासाठी लोक तिला ओरडून सांगत होते. मी खिडकीशी उभा होतो. वहिनी मागून म्हणाली, ‘‘लवकर आली असती तर बरं झालं असतं.’’  खिडकी आम्ही मिरवणूक जाईपर्यंत उघडी ठेवली.

छापखान्याचे मालक आले ते त्यानंतर. त्याच संध्याकाळी मी ठरवले, की पहिले प्रकरण तुझे होईल. तू लिहिले नाहीस तर मी लिहीन. हे प्रायश्चित्त होते, असे मला तेव्हा वाटले. आता वाटते, की त्यात अहंकारही थोडा होता. जिच्याशी इतकी वर्षे भांडलो तिची बाजू मला मांडता येईलच, असे मी गृहीत धरले होते.

मला ते लिहिता आले नाही. ताट मांडले, पाने निवडली, डहाळीपाशी आलो. तिथे वाचणाऱ्या मुलीला फसू द्यायचे होते. मी लिहिले, ‘ही डहाळी देवदाराची म्हणून ओळखली जाते.’ ‘म्हणून ओळखली जाते’ खोडले. पुन्हा लिहिले, ‘वरवर पाहता हा देवदार वाटेल.’ काहीही केले तरी वाक्यात एक बोट उभे राही, सावध करणारे. मी कागद वहिनीपुढे ठेवले. ती अक्षरावर बोट ठेवून सावकाश वाचते, तुला माहीत आहे. तूच तिला शिकवलेस. वाचून म्हणाली, ‘‘हे तुम्ही लिहून राहिले. अनूबाईचं नाही हे.’’

‘‘कशावरून?’’

‘‘अनूबाई कोणाले हात धरून नेत नव्हत्या. पडू देत होत्या, आणि मंग सोबत हसत होत्या.’’

चतुर्थीला आपल्याकडे या वर्षी गाजावाजा नव्हता. मूर्ती लहान आणली. वहिनीने पत्री आणली ती दोन जुड्यांची. दुसरी कशाला, म्हणून मी विचारले. ‘‘पोरी येतील,’’ ती म्हणाली. ‘‘कोणी बोलावले?’’ ‘‘कोणी काहून बोलवावं लागते? अनूबाईनं दरसाल या म्हणून सांगून ठेवलं होतं. यंदा येऊ नका असं तर सांगितलं नाही ना त्यांनी.’’

दुसऱ्या दिवशी त्या आल्या. ओसरीत गोल धरून बसल्या. मी आतल्या खोलीत होतो आणि मागच्या दाराने निघून जाण्याचा विचार माझ्या मनात आला होता, हे तुझ्यापासून लपवत नाही. वहिनी त्याच दारात उभी राहिली. तिथून हलली नाही. मी ओसरीत येऊन बसलो.

त्यांच्यात सुभद्रा नावाची मोठी मुलगी होती. ती पूर्वीही येत असे. तिनेच ताट पुढे ओढले आणि मला न विचारता कामाला लागली. सरळ शिरा एकीकडे, जाळ्याच्या शिरा दुसरीकडे. लहान मुलींत एक होती कमळी. या वर्षी पहिल्यांदाच आलेली, पुढे सरकून सरकून जवळजवळ ताटात बसलेली. सुभद्रेने गंभीर तोंड करून विचारले, ‘‘एकवीस पत्रींत एक झाड असं हाय, की ज्याले फूल येत नाही. ओळखा.’’

कमळीने डहाळी उचलली. ‘‘हा! देवदार! पानं सुईवानी हायेत ना!’’

जुन्या मुलींनी तोंडावर हात धरले. माझ्या जिभेच्या टोकाशी शब्द आला होता. अनू, तुला खरे वाटणार नाही, पण तो शब्द आत ठेवणे मला शरीराने जड गेले. मी मांडीखालच्या सतरंजीचा काठ मुठीत धरला.

कमळी डहाळी फिरवत होती. ‘‘हा सगळ्यात जुना,’’ ती शेजारणीला सांगत होती, ‘‘मी आजीले सांगीन.’’ बोलता बोलता तिने एक सुई ओढली. ती सांध्यापाशी अलगद सुटून आली. तिने दुसरी ओढली, तीही तशीच.  तिने तो तुकडा डोळ्याशी नेला.

‘‘अवं, ह्याले सांधे हायेत.’’

जुन्या मुलींनी एकमेकींना कोपराने ढोसले.

‘‘सांध्याले बारीक दात हायेत. गोल.’’ ती आणखी वाकली. ‘‘पानं ही हायेत! ही बारीकबारीक! मंग सुई म्हणजे पान नाही. काडी हाय ही हिरवी!’’ सुभद्रेने परकराच्या ओच्यातून त्याच झाडाचे लाकडी फळ काढून तिच्या पुढ्यात ठेवले. कमळीने ते नखाने उकरले. आतून पंखांचे बी निघाले, झाकलेले. ती ताठ बसली आणि रागाने आम्हा सगळ्यांकडे पाहू लागली.

‘‘हा देवदार नाहीच! म्हणजे पत्रीवालीनं देवाले बी फसवलं का वं?’’

ते हसणे गल्लीच्या तोंडापर्यंत गेले असणार. वहिनी दारात पदर तोंडाला लावून हसत होती, आणि मग नुसताच पदर तोंडाला लावून उभी होती. मी जे पाहिले, ते तू दर वर्षी पाहिलेस. मी अर्धे आयुष्य शिकवण्यात घालवले. एखाद्याच्या हातात सत्य असे फुटताना मी कधी पाहिले नव्हते, कारण तिथपर्यंत मी कोणाला पोचू दिले नव्हते.

मनात म्हणालो, तू जिंकलीस. पहिले प्रकरण तुझे. आणि त्याच क्षणी कमळीने विचारले, ‘‘मंग खरे जुने कुठं हायेत?’’

सगळ्या मुली माझ्याकडे वळल्या. हाच माझा प्रश्न होता, अनू. पूल खोटा, मग पलीकडे जायचे कसे? तो मी तुला तुझे तोंड बंद करण्यासाठी विचारत आलो, आणि उत्तराची वेळ आली की उठून गेलो. त्याचे उत्तर तू देत असणार, या ओसरीत, दर वर्षी. आणि ते काय होते हे मला ठाऊक नव्हते. मी सुभद्रेला विचारले, ‘‘यापुढे बाई काय सांगत?’’

ती गोंधळली. ‘‘यापुढं बाई काही सांगत नव्हत्या, सर. म्हणायच्या, माझं एवढंच. आता फसून झालं ना, आता दादाचं ऐका.’’

‘‘माझे काय?’’

‘‘तुमचं पाण्याचं प्रकरण. ते म्हणून दाखवायच्या. मले पाठ आहे थोडं.’’ आणि ती मांडी सावरून, डोळे मिटून म्हणू लागली, ‘‘पृथ्वीवर पहिले हिरवे होते ते पाण्यात होते. त्याला मूळ नव्हते, देठ नव्हता, पान नव्हते...’’

माझी वाक्ये. आजवर ती मी कोणाच्या तोंडून ऐकली नव्हती. स्वल्पविराम माझे होते, पण मुलगी थांबत होती ती माझ्या स्वल्पविरामांवर नव्हे. ती तुझ्या जागी थांबत होती. ‘पान नव्हते’ म्हणून झाल्यावर ती क्षणभर ताटाकडे पाहत राहिली, आणि मग सगळ्या मुली ताटाकडे पाहू लागल्या, त्या एवढ्या पानांकडे. तिथे काय दिसायला हवे ते तू त्यांना शिकवून ठेवले होतेस. माझे प्रकरण इतके चांगले आहे हे मला माहीत नव्हते. ते पहिले असताना तसे नव्हते.

म्हणजे तू माझा क्रम कधी मोडणारच नव्हतीस. त्याच्या दाराशी तुला एक उंबरा हवा होता. गच्चीवर तू हेच सांगत होतीस. एवढेच, एका वाक्याचे. मिरच्या भरून होईपर्यंत मी ऐकले असते तर संपले असते, आणि त्या रात्री आपण जेवताना पुस्तकाविषयी बोललो असतो.

सुभद्रा अडखळली. डोळे उघडून म्हणाली, ‘‘इथपर्यंतच येते, सर. पुढचं तुम्ही सांगा.’’

उद्या मी छापखान्यात जाईन. तुझे प्रकरण आता मला लिहिता येईल. कमळी जशी बोलली तसेच लिहायचे, आणि मी काही म्हणायचे नाही. त्यामागे माझे. पण त्या दुपारी एवढे सगळे सुचलेले नव्हते. माझेच पुढचे वाक्य मला आठवेना.  ते आठवले तेव्हा मी बोलू लागलो आणि कमळी म्हणाली, ‘‘सर, जरा मोठ्यानं.’’

मी आवाज चढवला. शेवटच्या मुलीपर्यंत पोचेल इतका तो चढला. त्यापलीकडे, तुझ्यापर्यंत, तो जात नाही, अनू.